सावकाश

करूळ घाटात सातव्या वळणाला काटा लाल रेघेला टेकायचा.
रेघ कंपनीची नव्हे. अण्णांनी
आईच्या नेलपॉलिशनं काचेवर ओढलेली.
टेकला की गाडी बाजूला, बॉनेट वर,
आणि वडापची अकरा माणसं दरीकडं तोंड करून
बिडी, भडंग, बाळाचं दूध.
अण्णा हाताला चिंधी गुंडाळून रेडिएटरचं झाकण
पाव आटा फिरवायचे, थांबायचे,
पुन्हा पाव आटा.
आधी वाफ बोलायची, मग अण्णा.

गाडी माझ्याकडं आली तेव्हा इंजिन बदललेलं,
मेटाडोरचं, जीपच्या पोटाला जरा मोठंच.
उद्यमनगरात सिकंदर शिकलगारांना म्हटलं,
मामा, बॉनेटवर नाक बसवा,
रेसच्या गाड्यांना असतं तसं, पुढं वासलेलं.
त्यांनी पाना पुसला.
“हवा आत घ्यायला कोण बी सांगतंय.
आत गेलेली भाईर कुठनं जाणार, ते बोल.”

सुनेच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर आणली,
बोटबोटभर तुकडे चिकटपट्टीनं
सगळ्या बॉनेटभर लावले.
गाडी नवसाची दिसायला लागली.
शिये फाट्यापर्यंत मी साठनं चालवली.
शेजारनं मोटरसायकलवर जमीर, त्याच्या मागं मामा,
नजर फक्त लोकरीवर.
काचेच्या पायथ्याला धागे गोंधळून उलटे फिरत होते;
जाळीच्या मागं वीतभर, मधोमध,
सगळे सरळ, ताठ, कुणी ओढून धरल्यासारखे.
“हितं,” मामा ओरडले. “हितं हवा पत्र्याला वर उचलतीया.
हितंच फाडायचं.”

हितं अण्णांचं अक्षर होतं.
पेंटरचं नव्हे. त्यांनी स्वतः, पिवळ्या ऑइलपेंटनं,
नंबरप्लेटच्या ब्रशनं लिहिलेलं:
सावकाश.
व जरा खाली घसरलेला.

म्हटलं, मामा, चार बोटं सरकवूया.
“अक्षर सरकंल गा. हवा न्हाई सरकायची.”

त्या रात्री झोप लागली नाही असं काही नाही.
लागली. स्वप्नबिप्न पडलं नाही.
पहाटे फक्त एकदा उठून
बॅटरीच्या उजेडात तो व बघून आलो.

सकाळी खडूच्या सहा रेघा. छिन्नी.
खाली सागवानी ठोकळा.
पत्रा कापून काढला नाही त्यांनी;
रेघेवर चिरला, आणि आतल्या अंगानं
हलक्या ठोक्यांनी उचलत आणला,
माशाच्या कल्ल्यांसारखे सहा ओठ, तोंडं काचेकडं.
खाली पन्हळ, बावड्याचा पाऊस डायनामोवर गळू नये म्हणून.
रंग जागोजाग टिचला.
का-च्या कान्याखालून जुना हिरवा निघाला,
त्याच्याखालून त्याहून जुना, लष्करी,
लिलावाच्या वेळचा.
शब्द वाचता येत होता.
फक्त आता श्वास घेत घेत वाचावा लागे.

शाळेत कुंभोजकर बाई म्हणायच्या,
या शब्दाच्या पोटात अवकाश आहे.
मला वाटायचं अवकाश म्हणजे सुट्टी,
आणि सुट्टीत अण्णा मला क्लीनर म्हणून न्यायचे,
म्हणून मी तो शब्द पाठ केला.
आता त्यात बोट जातं.

मंगळवारी वैभववाडी स्टेशनवरून भरून निघालो.
सातव्या वळणाला काटा
नेलपॉलिशच्या बोटभर खाली. आठव्याला तिथंच.
थांबायचं काही कारण उरलं नाही,
तरी पाय आपसूक ब्रेकवर गेला, मग उचलला.
मागनं एक म्हातारी कुरकुरली,
“आज थांबलाच न्हाईस? माझं भडंग तसंच ऱ्हायलं की.”

गगनबावड्याला स्टँडवर धुकं. चहाची टपरी बंद.
लोक उतरले, आणि न सांगता
गाडीच्या तोंडापाशी गोळा झाले.
एका पोरानं ओले मोजे कल्ल्यांवर पसरले.
म्हातारीनं हात ठेवले,
एक तळवा सा-वर, एक श-वर,
मधून ऊन हवा तिच्या पदराला फुगवत होती.

“ह्याच्यावर भाकरी शेकंल का रं?”
तिनं विचारलं.